शनिवारची गोळी

आमच्या घरात पहाटे उठण्याला कोणी आजार म्हटलं असतं, तर मायनं त्या माणसाला चहासुद्धा विचारला नसता. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळेच नाना म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते आणि त्यांची बरीचशी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळी धुळ्याहून शेवटची गाडी घेऊन शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावात जायचं, तिथेच सीटवर अंग टाकायचं आणि पहाटे अंधारात उठून पहिली गाडी परत आणायची. थंडीत इंजिन तापायला वेळ लागे, म्हणून ते त्याच्याही आधी उठत. नाना सांगत की त्या गावांत लोक त्यांच्या गाडीच्या आवाजानं उठायचे. यात थोडा मीठमसाला असणार. पण सकाळची गाडी कधी उशिरा सुटली नाही, हे त्यांच्याबरोबरचे कंडक्टरही सांगत.

घरी असले तरी ते त्याच वेळी उठायचे. बादलीची कडी वाजायची, मग खोकला, मग गॅस पेटवल्याचा आवाज. लहानपणी मी त्या आवाजांनी अर्धवट जागी व्हायची आणि नाना उठलेत म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून पुन्हा झोपायची. मी मुळात भित्री. अंधाराला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे, शाळेत नाव पुकारलं तरी दचकायचे. पण त्या बादलीच्या आवाजावर माझा फार विश्वास होता.

नाना रिटायर झाले तेव्हा मी धुळ्यातच होते. नवऱ्याची नोकरी नाशिकला कंपनीत, माझी इथे कॉलेजच्या ग्रंथालयात, म्हणून मी आणि माझी मुलगी देवपुरात माहेरीच राहतो आणि नवरा शनिवारी संध्याकाळी येतो. मुलगी दुसरीत आहे. रिटायर झाल्यावर नानांनी स्वतःहून एक काम मागून घेतलं, तिला सकाळी स्कूटीवरून शाळेत सोडायचं. त्याला ते ड्युटीच म्हणत. रिक्षा नको म्हणाले, रिक्षावाला पोरं कोंबतो. आदल्या संध्याकाळी टायरची हवा बघायचे, आरसा पुसायचे. एवढ्याशा स्कूटीला एसटीचा मान मिळत होता.

आणि पहाटे उठणं चालूच राहिलं. आधी चारला, मग साडेतीनला, कधी तीनलाच. मला वाटायचं, आता कशाला? माय म्हणायची, ‘‘त्यासना आंगमा ड्युटी भिनेल शे. इतला वरीसनी सवय, अशी जाई का?’’ शेजारचे लोक तर कौतुक करायचे. आपल्या पोरांना सांगायचे, बघा, नाना या वयात कसे पहाटे उठतात, आणि तुम्ही पडलेले असता लोळत. आम्हीही ते ऐकून घ्यायचो आणि मनातून थोडे सुखावायचो.

बाकीच्या गोष्टी हळूहळू दिसायला लागल्या. नाना डेपोसमोरच्या टपरीवर जाईनासे झाले. टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायचे, ते बंद झालं. दाढी दोन-दोन दिवस तशीच. मग हिवाळ्यात एकदा मायनं वांग्याचं भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, आणि नाना दोन घास खाऊन उठले. भरीत ताटात टाकून उठलेला माणूस आमच्या घराण्यात कोणी पाहिला नव्हता. मायनं ते ताट झाकून ठेवलं. मला मात्र तेव्हापासूनच धडकी भरली होती, फक्त कशाची ते सांगता येत नव्हतं.

ते एका पहाटे कळलं. पाणी प्यायला उठले, तर पुढचं दार उघडं. बाहेर धुळ्याची ती हाडात शिरणारी थंडी, आणि नाना पायरीवर स्वेटरशिवाय बसलेले. बादली वाजली नव्हती, गॅस पेटला नव्हता. नुसतेच बसले होते, कधीपासून कोण जाणे. मी शाल आणून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि विचारलं, काय झालं.  ते समोरच्या गेटकडे बघत म्हणाले, ‘‘पहाटले असं वाटस बेटा, पुरं झायं आते.’’

आता पुरं झालं. त्यांनी ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की जणू गाडीत जागा नाही असं सांगत होते. आपला बाप मरणाचा विचार करतोय आणि तो रोज याच वेळी करतोय, जेव्हा आम्ही सगळे पांघरुणात असतो आणि त्याच्या उठण्याचं कौतुक करतो, हे मला त्या पायरीवर समजलं. त्यानंतर मी पहाटे झोपलेच नाही. बादलीचा आवाज आला की जिवात जीव यायचा, आणि आवाज थांबला की पुन्हा कान टवकारायचे.

डॉक्टर जळगावचे शोधले. धुळ्यात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, पण धुळ्यात नानांना ओळखत नाही असा रिक्षावालाही नाही. कोणी बघायला नको म्हणून जळगाव. आणि जळगावला जायचं कसं, तर एसटीनं, कारण नाना दुसऱ्या गाडीत बसत नाहीत. म्हणजे धुळे स्टँडवर चार ड्रायव्हर, पारोळ्याला दोन कंडक्टर, एरंडोलला कंट्रोलर, सगळ्यांनी विचारलं, नाना, कुठे निघाले? नानांनी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. एकाला लग्नाची बोलणी, एकाला डोळे तपासायला, एकाला सोयऱ्याकडे. मी शेजारी बसून ही उत्तरं पाठ करत होते, परतीच्या वाटेवर घोटाळा नको म्हणून.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या, माझ्याहून लहानच. मला वाटलं होतं त्या दुःखाबद्दल विचारतील, आणि नाना काही बोलणार नाहीत. पण त्यांनी आधी झोपेबद्दल विचारलं. झोप किती वाजता लागते, जाग कधी येते, जाग आल्यावर काय वाटतं. झोपेबद्दल बोलायला नानांना लाज वाटली नाही. झोप हा ड्रायव्हरच्या कामाचाच भाग. त्यांनी सगळं रीतसर सांगितलं.

‘‘म्हणजे काका, झोप लागते, पण साडेतीनला उघडते,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘आणि मग उजाडेपर्यंत सगळ्यात वाईट. दुपारनंतर जरा सुसह्य. असंच ना?’’

नानांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

‘‘ही तुमची ड्युटीची सवय नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सवयीनं उठलेला माणूस उठून चहा पितो. हा आजार आहे, डिप्रेशन. हा आजार बऱ्याचदा झोपेतूनच घरात शिरतो, आणि बाहेर जातानाही झोपेच्याच दारानं जातो. पहाटे काही नकोसे विचार येतात का?’’

नाना म्हणाले, ‘‘येतात.’’ मग माझ्याकडे न बघता, ‘‘करत काही नाही मी. पण येतात.’’

डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकलं, अजून चार प्रश्न विचारले, आणि मग मला एकेक गोष्ट समजावली. त्यांना एकटं सोडायचं नाही. असे विचार वाढले तर वेळ न बघता फोन करायचा. रात्री जेवणानंतर एक गोळी. ही नुसती झोपेची गोळी नाही, मनाची आहे, पण झोपही आणते. आधी झोप सुधारेल, मन मागून येईल, काही आठवडे लागतील. झोप आली म्हणून बरे झालो असं समजून सोडायची नाही. सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं, उन्हात चालायचं, दुपारी झोपायचं नाही. आणि सुरुवातीला सकाळी सुस्ती येईल, तेव्हा गाडी चालवायची नाही.

घरी आल्यावर आम्ही त्यातलं आपापल्या सोयीचं ऐकलं. दुपारी झोपायचं नाही हे मायला मुळीच पटलं नाही, कारण आमच्या गल्लीत जेवणानंतर कुत्रीसुद्धा झोपतात. तरी तिनं नानांना दळण, भाजी, बिल अशी कामं लावून दुपारभर जागतं ठेवलं. गाडीचं मात्र आम्ही दोघींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अख्ख्या दिवसात नाना ज्या एका गोष्टीसाठी तयार होतात, तीच कशी काढून घ्यायची? स्कूटी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी गेटात उभी राहायची आणि शाळेतून ते परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागायचं नाही. पण वळताना त्यांचा हात कधी डगमगला नाही. सुस्तीचा पत्ताच नव्हता. मला वाटलं, बरं झालं, गोळी त्यांना मानवली.

रात्री मी गोळी आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या खाटेजवळ ठेवायची. ते म्हणायचे, ‘‘ठेव, तू पोरले झोपाड.’’ मी मुलीला झोपवायला जायची.

आठवडे जात होते आणि पहाटेची बादली साडेतीनलाच वाजत होती. फक्त रविवारी नाही. रविवारी नाना सहा-साडेसहापर्यंत झोपायचे, उठल्यावर जरा जडच असायचे, पण जेवायला नीट बसायचे, एकदा तर जावयाबरोबर पत्तेही खेळले. सोमवारी पुन्हा तेच, पायरीवर बसणं, बघत राहणं. या रविवारचं आम्हाला कोडं पडलं. मायचं म्हणणं, ती शनिवारी मारुतीला तेल घालते त्याचा गुण. माझं म्हणणं, माझा नवरा येतो, घर भरलेलं वाटतं, म्हणून. नवऱ्यालाही हे मत आवडलं. मुलगी म्हणाली, रविवारी शाळा नसते म्हणून. तिला आम्ही हसलो.

पण मला आतून पोखरत होतं. सहा दिवस खाली आणि एक दिवस वर, अशा माणसाचं पुढे काय होतं? औषध लागूच पडत नसेल तर? ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना मी एकदा भलत्याच पानावर शिक्का मारला, कारण मायचा फोन आला होता आणि तो उचलायच्या आधीच मी सगळं वाईट बघून टाकलं होतं. ती विचारत होती, येताना मेथी आणतेस का.

पुन्हा जळगावला जायचा दिवस उगवला. गाडी पारोळ्याला थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला. तिशीतला पोरगा, डोळे लाल, नाक गळत होतं. टपरीवरच त्यानं खिशातून एक गोळी काढून चहाबरोबर घेतली. नाना खिडकीतून बघत होते. गाडी सुरू झाली, गावाबाहेर पडली, आणि नाना उठले. चालत्या गाडीत दांडे धरत पुढे गेले आणि ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर जाऊन बसले. मी घाबरले, यांना आता काय सुचलं. मागून फक्त एवढंच दिसत होतं की नाना बोलताहेत, आणि तो पोरगा हसतोय, मान हलवतोय. नाना एवढं बोलताना मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. एरंडोलपर्यंत ते त्याच्याशी बोलत राहिले. तिथे त्यानं तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठे ते जागेवर आले.

‘‘नाना, काय करत होता तिथे?’’

‘‘त्यानी सर्दीनी गोयी लियेल शे. डोया लागी गया व्हता त्याना, एक डाव. म्हणीसन बठनू गोठी करत.’’ म्हणजे त्याचा एकदा डोळा लागला होता आणि नाना त्याला जागं ठेवत होते. मग जरा चिडून म्हणाले, ‘‘आजकालना पोरेसले कोनी सांगतच नही. ड्युटीना दिन अशी गोयी लेवानी नही. मी बी लेत नही.’’

‘‘तुम्ही काय घेत नाही?’’

‘‘तू देस ती.’’

मला ऐकू आलं ते समजायला वेळ लागला. मी म्हटलं, नाना, तुम्ही गोळी घेत नाही? ते म्हणाले, घेतो ना. शनिवारी घेतो. रविवारी ड्युटी नसते. बाकीच्या दिवशी कशी घेणार? डॉक्टरांनीच सांगितलं होतं, सुस्ती येईल, गाडी चालवायची नाही. ‘‘मांगे पोर बठेल ऱ्हास,’’ ते म्हणाले. मागे पोर बसलेली असते.

मी रागावले होते की रडत होते, सांगता येत नाही. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. आम्ही तीन शहाणी माणसं मारुतीपासून जावयापर्यंत कारणं शोधत बसलो होतो, आणि हा माणूस रोज पहाटे ते सगळे विचार एकट्यानं सोसत होता, कारण सकाळी माझी मुलगी त्याच्या मागे बसणार होती. त्याला मरावंसं वाटत होतं आणि तिला खरचटूही द्यायचं नव्हतं. या दोन गोष्टी एका माणसात एकाच वेळी असतात, हे मला कळतच नव्हतं. आणि न घेतलेल्या गोळ्या? त्या त्यांच्या जुन्या तंबाखूच्या डबीत होत्या. पैसे पडलेत, फेकायच्या कशा, म्हणून. त्या डबीत एव्हाना किती गोळ्या साठल्या असतील, ते मी बोटांवर मोजायला लागले.

डॉक्टरांच्या खोलीत मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, तक्रारीच्या सुरात, शाळेत मास्तरांना सांगतात तसं. नाना खाली बघत होते. डॉक्टरांनी मला आधी डबीबद्दल विचारलं. ती आज घरी गेल्याबरोबर ताब्यात घ्यायची, गोळ्या पुढच्या वेळी इथे आणून द्यायच्या, यापुढे सगळी औषधं माझ्याकडे. मग त्या नानांकडे वळल्या.

‘‘काका, तुमचं चुकलं नाही. गोळी आणि गाडी एकत्र नको, हे मीच म्हटलं होतं. पण मला वाटलं तुम्ही गाडी सोडाल. तुम्ही गोळी सोडलीत.’’

‘‘गाडी रद्द करता येत नाही मॅडम,’’ नाना म्हणाले. ‘‘लोक स्टँडवर उभे असतात.’’

‘‘ड्रायव्हर आजारी पडला तर काय करता?’’

‘‘बदली ड्रायव्हर देतात.’’

‘‘मग द्या बदली. तुम्ही आजारी आहात. मी तुम्हाला फिट म्हणेपर्यंत दुसरं कोणीतरी गाडी नेईल.’’

नानांनी विचार केला. नियमात बसत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, ‘‘हाई?’’

ही? त्या एका शब्दात माझ्याबद्दलचं सगळं मत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. माझ्याकडे लायसन्स आहे, पण कॉलेजात असताना एकदा दत्तमंदिर चौकात घसरून पडल्यापासून मी स्कूटीला हात लावला नव्हता. मी रिक्षानं जाते, पायी जाते, कोणी मागे बसवलं तर डोळे मिटून बसते. तरी मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी आल्याबरोबर ती डबी मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली. त्या रविवारी नानांनी माझी ट्रायल घेतली. शाळेच्या मोकळ्या मैदानावर मी पुढे, ते मागे. घाबरलेल्या माणसाच्या मागे बसून ते जराही घाबरले नाहीत. ‘‘आरसामा देख. रस्ता मांगे बी ऱ्हास.’’ ‘‘ब्रेक लांब लागस, आधीच दाब.’’ ‘‘हॉर्न वाजाडाले पैसा पडत नहीत.’’ मी दोनदा भलत्याच जोरात रेस दिली आणि एकदा गोलपोस्टच्या अगदी जवळ गेले. शेवटी ते उतरले, थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, चालेल, पण पुलावरून जाताना कोणाला ओलांडायचं नाही. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. दिली, आणि त्यांचा हात रिकामा झाला. तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. ते बघून मला इतकं वाईट वाटलं, की परत द्यावीशी वाटली.

त्या रात्रीपासून ते माझ्यासमोर गोळी घ्यायचे आणि मी न सांगता तोंड उघडून दाखवायचे, तपासणी पथकाला तिकीट दाखवावं तसं. सकाळी मी मुलीला घेऊन निघायची तेव्हा गेटात नाना उभे. आता तेच कोपऱ्यापर्यंत बघत राहायचे. मी परत आले की आधी स्कूटीभोवती एक चक्कर मारायचे, मग माझ्याकडे बघायचे. त्यानंतर उन्हात पांझरेच्या काठानं चालायला जायचे, कधी माझ्या मायबरोबर, कधी जुन्या कंडक्टरबरोबर. पहिले काही दिवस दिवसभर पेंगुळलेले असायचे आणि त्याचीच त्यांना शरम वाटायची. दिवसा पेंगणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा.

पहाटेची बादली हळूहळू सरकायला लागली. साडेतीनची चार झाली. एखाद्या दिवशी पुन्हा तीन. मग साडेचार. डॉक्टरांना मी फोन करून विचारायची, आता तरी काळजी नाही ना? त्या म्हणायच्या, झोप सुधारते आहे, छान आहे, पण मन अजून मागे आहे, या दिवसांतच जपायचं असतं. त्यांनी ते धीर देण्यासाठी सांगितलेलं असायचं आणि मी त्यातलं फक्त शेवटचं वाक्य घेऊन झोपायची. झोपायची म्हणजे पडून राहायची. घरातला झोपेचा आजार नानांच्या खाटेवरून उठून माझ्या गादीवर आला होता.

भरिताचा हंगाम सरला, दुपारी ऊन टोचायला लागलं होतं. त्या दिवशी मी नेहमीसारखी अंधारात जागी झाले आणि कान लावून पडले. साडेचार वाजून गेले असतील. बादली नाही. थोड्या वेळानं उठतील. खोकला नाही. बाहेर दूधवाल्याची सायकल गेली, पाणी आल्याचा नळाचा फुस्स आवाज झाला, शेजारच्यांचं दार वाजलं. आमच्या घरातून काहीच नाही. लहानपणापासून ज्या आवाजावर मी सगळं ठीक आहे असं समजत आले, तो आलाच नाही. त्यांना अशी झोप लागावी याचीच तर आपण वाट बघत होतो, असं मनाला सांगून बघितलं. मन ऐकेना. खोलीच्या दारापर्यंतची ती चार पावलं मी भिंतीला धरून गेले.

नाना कुशीवर होते. तोंड थोडं उघडं, एक हात खाटेबाहेर लोंबकळत होता. मी त्यांच्या छातीकडे बघत राहिले. हलतेय की माझे डोळे हलताहेत, कळेना. मग त्यांनी घोरायला सुरुवात केली. मी दाराला टेकून तिथेच खाली बसले.

माय उठली, मुलगी उठली, डबा झाला. नाना झोपलेलेच. मुलगी युनिफॉर्म घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘नाना अजून उठले नाहीत? मी उठवू?’’ आयुष्यात कोणी नानांना उठवलेलं मी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना तेच उठवत आले. मायनं तिला गप्प केलं आणि मला म्हणाली, ‘‘तू जाय. मी उठाडसू टाइमवर.’’

अंगणात मी स्कूटी ढकलत गेटापर्यंत नेली, शक्य तितकी हळू. मुलगी मागे बसली. मी बटण दाबलं. त्या वेळी त्या स्कूटीला इतका आवाज आहे हे पहिल्यांदाच कळलं. आणि आतून हाक आली. नानांचे सगळे आवाज मला माहीत आहेत, रागाचा, थट्टेचा, त्या पहाटेचा पायरीवरचा. हा नव्हता माहीत. झोपेनं जडावलेला आवाज होता तो.

‘‘गाडी निंघनी का?’’

‘‘निंघनी नाना.’’

‘‘मांगे पोर बठनी का नीट?’’

‘‘बठनी.’’

मला वाटलं आता उठतील, बाहेर येतील, चाकांची हवा बघतील. मग खाट कुरकुरली, त्यांनी कूस बदलली असावी, आणि आवाज आला, ‘‘मंग जाय.’’

मी गेटाबाहेर पडले, कोपऱ्यावर वळले आणि मला रडू फुटलं. समोरचं धूसर दिसायला लागलं. मागे पोर बसलेली होती. मी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मुलीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, थांब जरा. ओढणीनं डोळे नीट कोरडे केले, आणि मगच पुन्हा बटण दाबलं.